हल्लेखोराचा रकाना

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

सायबर हल्ल्यांपासून बचावाचा, खेळ सिद्धांतावर (एकमेकांच्या चालींचा अंदाज घेत निर्णय करण्याच्या गणितावर) बेतलेला तुझा आराखडा वाचला. गणित नेटके आहे. परंतु आपले जेवढे नुकसान तेवढाच हल्लेखोराचा लाभ, असे गृहीत धरून तू शून्य बेरजेचा खेळ मांडला आहेस, तिथे मी थबकलो. खंडणीसाठी फायली अडकवून ठेवणाऱ्याला पैसे हवे असतात आणि ते मिळणार नाहीत असे दिसले की तो दुसरे सावज शोधतो. ज्याला दहशत माजवायची आहे, त्याला मात्र काही तासांच्या अंधारापेक्षा त्या अंधाराची बातमी अधिक मोलाची असते. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनच्या वीजवितरण कंपन्यांवर सायबर हल्ला होऊन सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली आणि काही तासांत परतही आली. तो दहशतवाद की संघर्षाचाच एक भाग, हा वाद बाजूला ठेव. पण नुकसान केवळ तासांत मोजलेस, तर हल्लेखोराच्या लाभाचा रकाना कोराच राहील.

दुसरे असे की, तू दोघांना एकाच वेळी चाल करायला लावतोस. प्रत्यक्षात बचाव करणारा आधी पहारा मांडतो आणि हल्लेखोर तो निरखून मग चाल करतो. म्हणून इथे एकामागोमाग चालींचा, म्हणजे स्टॅकेलबर्गचा खेळ जवळचा. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर 2007 पासून तपासणी नाक्यांच्या वेळा याच गणिताने ठरवल्या गेल्या. त्या यादृच्छिक होत्या, पण सरसकट सारख्या संभाव्यतेने नव्हे. जिथे हानी मोठी, तिथे पहाऱ्याची शक्यताही अधिक.

संगणकजाळ्यात मात्र चोर घरात शिरलेला असूनही घरमालकाला त्याचा पत्ता नसतो. संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड रिव्हेस्ट आणि सहकाऱ्यांचा 'फ्लिपइट' हा खेळ याच अडचणीवर उभा आहे: ताबा कोणाकडे आहे हे चाल केल्यावरच कळते आणि प्रत्येक चालीला किंमत मोजावी लागते. ठरावीक दिवशी पासवर्ड बदलण्याचा शिस्तप्रिय नियम (मला स्वतःला तो फार काळ आदर्श वाटत असे) इथे उघडा पडतो, कारण ती तारीख ओळखणारा हल्लेखोर बदलानंतर लगेच पुन्हा ताबा घेतो.

पुढच्या मसुद्यात खंडणीखोर आणि दहशतवादी असे हल्लेखोराचे दोन प्रकार मांड, प्रत्येकाची संभाव्यता बदलून पाहा आणि बचावाची चाल नेमकी कोणत्या टप्प्यावर बदलते ते शोध. ती कुठेच बदलली नाही, तर दोन प्रकारांची गरज नाही. सूत्रांआधी तेवढा तक्ता पाठव.

तुझा,
मार्गदर्शक