बिझटॉक अडकलंय ते लायसन्समुळे नाही, एजंट झोपलाय म्हणून

आधी तुमचं दुखणं माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. चाकणमधली पार्ट्स बनवणारी कंपनी, बिझटॉक सर्व्हर २०२० स्टँडर्ड एडिशन (वेगवेगळ्या सिस्टिममध्ये मेसेजची ने-आण करणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), बिझटॉक आणि त्याचे डेटाबेस सांभाळणारा एसक्यूएल सर्व्हर दोन्ही एकाच व्हीएमवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर. तीन आठवड्यांपूर्वी "सिस्टिम स्लो आहे" म्हणून व्हीएमचे ४ प्रोसेसर कोअर होते ते ८ केले आणि रीबूट मारला. या सोमवारपासून कस्टमरच्या ईडीआय (ऑर्डरी वगैरेंची इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण) फायली पिकअप फोल्डरमध्येच पडून राहतायत, रिसीव्ह लोकेशन (बिझटॉक जिथून फायली उचलतो ते ठिकाण) एनेबल्ड दिसतंय, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल काही नाही, स्पूल टेबलमध्ये, म्हणजे बिझटॉकच्या डेटाबेसमधल्या मेसेजांच्या यादीत, ६ लाख ४० हजार रो. आणि नेमका त्याच सोमवारी लायसन्सवाल्याचा रिन्यूअलचा मेल येऊन पडला, म्हणून मॅनेजर म्हणतोय लायसन्स संपलं, अर्जंट पीओ (खरेदीची ऑर्डर) काढा.

पीओ थांबवा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडलीय, बाकी काही नाही.

बिझटॉक लायसन्ससाठी तुमचे मेसेज अडवत नाही. इव्हॅल्युएशन कॉपी असेल तर मुदत संपल्यावर बंद पडते, ते वेगळं, पण विकत घेतलेल्या एडिशनला असं काही घड्याळ नसतं, ती किती कोअरवर चालतेय हे मोजून ती स्वतःहून थांबत नाही. तुमची कॉपी कुठली आहे याचीच शंका असेल तर रजिस्ट्रीत लोकल मशीनच्या सॉफ्टवेअरखाली मायक्रोसॉफ्ट, त्यात बिझटॉक सर्व्हर, त्यात ३.० नावाची की उघडा, तिथे प्रॉडक्ट एडिशन लिहिलेलं असतं (तो ३.० बघून घाबरू नका, २००४च्या व्हर्जनपासून ती की तशीच राहिलीय, मीही पहिल्यांदा बघून म्हटलं होतं की हे काय जुनंपानं इन्स्टॉल केलंय कुणी).

आता खरी भानगड. तुमच्या मेसेजमध्ये एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय की "एसक्यूएल एजंटचे जॉब पण चालत नाहीयेत, ते नंतर बघू". नंतर नाही, तेच आधी बघायचंय!! (एजंट म्हणजे एसक्यूएलची ठरलेली कामं, म्हणजे जॉब, आपोआप चालवणारी सर्व्हिस.) माझा ९० टक्के अंदाज असा की तीन आठवड्यांपूर्वी रीबूट झाल्यावर एसक्यूएल सर्व्हर आपोआप वर आला पण एसक्यूएल सर्व्हर एजंट आलाच नाही, कारण एसक्यूएल इन्स्टॉल करताना एजंटचा स्टार्टअप टाइप डीफॉल्ट मॅन्युअल असतो आणि तो ऑटोमॅटिक करायचं राहून जातं. त्याआधी कुणीतरी तो हाताने चालू केलेला होता, रीबूट झाला नव्हता म्हणून चाललं.

एजंट बंद असला की काय होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दहा मिनिटांत सापडेल. बिझटॉकमध्ये येणारा प्रत्येक मेसेज आधी मेसेजबॉक्स डेटाबेसमध्ये लिहिला जातो आणि ज्याचं ज्याचं सबस्क्रिप्शन जुळतं त्याला तो मिळतो. एकच मेसेज चार जणांना हवा असेल तरी कॉपी एकच, फक्त किती जण वापरतायत त्याचा हिशोब ठेवला जातो. चौघांचं काम झालं की हिशोब शून्यावर येतो, पण मेसेज लगेच पुसला जात नाही, पुसायचं काम एसक्यूएल एजंटचे जॉब करतात. एजंट बंद म्हणजे घरात भांडी घासायला येणारं माणूस तीन आठवडे सुट्टीवर, स्वयंपाक रोज होतोय आणि सिंकमध्ये ढीग चढतोय. तुमच्या स्पूलमधल्या ६ लाख ४० हजारातले बहुतेक मेसेज कधीच पोचलेत, मेलेत, फक्त उचलायला कुणी नाही.

आणि बरोबर आत्ताच का अडकलं? कारण थ्रॉटलिंग, म्हणजे भार वाढला की बिझटॉक स्वतःच स्वतःला लावतो तो ब्रेक. होस्टच्या (बिझटॉकची कामं ज्याच्याखाली चालतात तो गट) सेटिंगमध्ये "मेसेज काउंट इन डेटाबेस" नावाचा आकडा आहे, डीफॉल्ट ५० हजार. होस्टच्या क्यूंमध्ये, म्हणजे सस्पेंडेड (अडून पडलेले) धरून, ५० हजारांच्या वर गेलं की ब्रेक लागतो. स्पूल आणि ट्रॅकिंगच्या (मेसेजचा माग ठेवणाऱ्या) टेबलांना याच्या दहापट सूट आहे, म्हणजे ५ लाख. तुम्ही ५ लाखांची रेषा बहुतेक रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी ओलांडलीत. एरर येत नाही कारण बिझटॉकच्या लेखी ही एरर नाहीच, तो मुद्दाम हळू झालाय.

खात्री करायची तर परफॉर्मन्स मॉनिटर उघडा, बिझटॉक मेसेज एजंटचे काउंटर घ्या, त्यात तुमच्या रिसीव्ह होस्टचा "मेसेज पब्लिशिंग थ्रॉटलिंग स्टेट" बघा. ० असेल तर मी चुकलो. ६ असेल तर डेटाबेस फुगलाय, विषय संपला. ४ दिसला तर प्रोसेसची मेमरी, ५ म्हणजे अख्ख्या मशीनची मेमरी, मग गोष्ट वेगळी. हा एक काउंटर मी कुठल्याही नवीन क्लायंटकडे गेलो की सगळ्यात आधी लावतो, लोक इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तास घालवतात आणि उत्तर इथे एका आकड्यात पडलेलं असतं.

आता दुरुस्ती, पण घाई करू नका, क्रम महत्त्वाचा आहे. एजंट चालू करायच्या आधी डिस्क बघा. बिझटॉकचे डेटाबेस फुल रिकव्हरीवर असतात (म्हणजे लॉग बॅकअप होईपर्यंत बदलांच्या नोंदी लॉग फाइलमध्ये साठत राहतात) आणि "बॅकअप बिझटॉक सर्व्हर" हा जॉबही त्याच एजंटवर चालतो, म्हणजे तीन आठवडे लॉग बॅकअप झालेला नाही आणि लॉग फाइल फुगत बसलीय. त्यात क्लीनअपने लाखो रो उडवायला घेतले की लॉग अजून वाढेल, आणि डिस्क भरली तर आज नुसतं हळू चाललेलं उद्या ठार बंद पडेल. म्हणून शक्य तेवढ्या रिसीव्ह लोकेशन डिसेबल करा, एजंट चालू करा, स्टार्टअप ऑटोमॅटिक करा, पहिला बॅकअप जॉब पूर्ण होऊ द्या. हा जॉब मुळात कॉन्फिगर केलेला आहे ना तेही बघा, कारण इन्स्टॉलनंतर तो हाताने कॉन्फिगर करून एनेबल करावा लागतो आणि निम्म्या ठिकाणी तो केलेलाच नसतो. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणेल माझा रात्रीचा नेहमीचा बॅकअप आहे की, पण बिझटॉकच्या डेटाबेसमध्ये व्यवहार एकमेकांत गुंतलेले असतात, वेगवेगळ्या वेळी घेतलेले सुटे बॅकअप रिस्टोअर केले तर ते एकमेकांशी जुळत नाहीत, हा जॉब सगळ्यांवर एकाच ठिकाणी खूण मारून घेतो. आणि हो, त्या जॉबमधली क्लिअर बॅकअप हिस्टरीची स्टेप फक्त टेबलातली हिस्टरी पुसते, डिस्कवरच्या फायली नाही, त्या तुम्हालाच साफ करायच्यात.

मग "मेसेजबॉक्स मेसेज मॅनेजरेफकाउंटलॉग" नावाचा जॉब चालू झालाय का ते बघा. हा जॉब कायम एक्झिक्यूटिंगच दिसणार, कधी सक्सेस दाखवणार नाही, तो तसाच बनवलाय, लोक हा अडकला म्हणून स्टॉप करतात, तुम्ही करू नका. त्याच्या शेजारचा "मेसेजबॉक्स मेसेज क्लीनअप" डिसेबल्ड दिसेल आणि तुमचा हात शिवशिवेल की हाच तो, हा एनेबल करू म्हणजे सगळं साफ. नको!! त्याला आधीचा जॉब आतून हाक मारतो, तो डिसेबल्डच असायला हवा.

मग चहा प्या. खरंच. दर पंधरा मिनिटांनी स्पूलचा काउंट घ्या, नोलॉक लावून (म्हणजे टेबल कुलूपबंद न करता), नाहीतर तुमची क्वेरीच आडवी येईल. आकडा आधी हलणार नाही, मग हळूहळू उतरेल, ५ लाखांच्या खाली आला की ब्रेक आपोआप सुटेल, तेव्हा बंद केलेल्या रिसीव्ह लोकेशन एकेक करून उघडा, सगळ्या एकदम नको, महत्त्वाच्या कस्टमरच्या आधी. या वेळात होस्ट इन्स्टन्स रीस्टार्ट करत बसू नका, काही मिळत नाही. आणि कुणीतरी सुचवेलच की तो ५० हजारांचा आकडा ० करा म्हणजे थ्रॉटलिंग बंद. होतं बंद, पण ते म्हणजे तापाचं थर्मामीटर फोडण्यासारखं.

सगळं करूनही आकडा उतरलाच नाही तर दोन जागा बघा. एक, सस्पेंडेड इन्स्टन्स, ते कुणी टर्मिनेट किंवा रिझ्यूम केल्याशिवाय जागचे हलत नाहीत. दोन, ट्रॅकिंग. निदान एका होस्टवर "अलाउ होस्ट ट्रॅकिंग" टिक असायला हवं आणि त्याची इन्स्टन्स चालू हवी, आम्ही ट्रॅकिंग वापरत नाही म्हणून ते काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत, मग ट्रॅकिंगचा डेटा मेसेजबॉक्समध्येच साचत जातो. तसंच ट्रॅकिंगचा जुना डेटा काढणारा "डीटीए पर्ज अँड आर्काइव्ह" जॉब, हाही आधी कॉन्फिगर करावा लागतो.

टेबलांवर हाताने डिलीट मारू नका, हे मी कुणाला अक्कल शिकवायला सांगत नाहीये, मी स्वतः केलंय. २०११ची गोष्ट, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री दोन वाजता अशीच फुगलेली स्पूल, मी नवीन, फोनवर क्लायंटचा माणूस ओरडतोय. डेव्हलपमेंट मशीनवर आम्ही रोज वापरायचो तो "बीटीएस क्लीनअप मेसेजबॉक्स" प्रोसिजर मी प्रॉडक्शनवर चालवला. खरं तर तो मुळात रिकामा असतो, चालवला तरी काही करत नाही, मुद्दाम तशी सोय आहे, पण आधी कुणीतरी टेस्टिंगच्या वेळी त्याची खरी स्क्रिप्ट तिथे चढवून ठेवली होती. चार मिनिटांत स्पूल शून्य. मी खूश. सकाळी कळलं की मेलेल्या मेसेजबरोबर जिवंतही गेले, न पाठवलेल्या ऑर्डरी, अर्धवट ऑर्केस्ट्रेशन (बिझटॉकमध्ये चालू असलेल्या प्रक्रिया), सगळं. पुढचे दोन दिवस पार्टनर कंपन्यांना फोन करून "तुमची शुक्रवारची फाइल परत पाठवता का" एवढंच काम. फराळ ऑफिसातच. तुम्हाला अगदीच साफ करायची वेळ आली तर बिझटॉक हेल्थ मॉनिटर घ्या, त्यात टर्मिनेटर नावाचं साफसफाईचं टूल आहे, तोही बॅकअप घेऊन आणि होस्ट थांबवून.

आता लायसन्स, कारण तिथे तुमचा एक प्रश्न आहेच, फक्त मॅनेजरला वाटतोय तो नाही. रिन्यूअलचा मेल बहुतेक सॉफ्टवेअर अश्युरन्सचा, म्हणजे लायसन्सच्या जोडीला घ्यायच्या कराराचा असणार. ते संपलं म्हणून मूळ लायसन्स संपत नाही, सॉफ्टवेअर चालूच राहतं, फक्त नवीन व्हर्जनचा हक्क आणि इतर फायदे जातात. पण एकदा तुटलं की नंतर नुसतं अश्युरन्स मागून जोडता येत नाही, लायसन्ससकट नवीन घ्यावं लागतं, म्हणून निर्णय तारखेच्या आत घ्या. माझं मत विचाराल तर आधी हे लक्षात घ्या की २०२० हे शेवटचं व्हर्जन आहे असं मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलंय, मेनस्ट्रीम सपोर्ट एप्रिल २०२८ पर्यंत, एक्सटेंडेड एप्रिल २०३० पर्यंत. म्हणजे "पुढचं व्हर्जन फुकट" हा फायदा उरलेलाच नाही. बाकीचे फायदे, म्हणजे डीआरचा (आपत्तीत वापरायचा पर्यायी) सर्व्हर वगैरे, तुम्ही वापरता का ते करार उघडून बघा आणि मग ठरवा.

तुमचा खरा लायसन्सचा घोळ तीन आठवड्यांपूर्वी झालाय. बिझटॉकचं लायसन्स कोअरवर असतं, व्हीएमला किमान ४ कोअर धरावे लागतात, आणि तुम्ही ४चे ८ केलेत. कुणी अडवलं नाही, कुठे मेसेज आला नाही, पण कागदावर तुम्ही ४ कोअर बिनलायसन्स चालवताय. लायसन्स दोन दोन कोअरच्या पॅकमध्ये मिळतं, म्हणजे अजून दोन पॅक. त्यात एसक्यूएल त्याच व्हीएमवर, तोही कोअरवर घेतला असेल तर त्याचंही दुप्पट. तो सर्व्हर अधिक कॅल (वापरणाऱ्या माणसाचं किंवा डिव्हाइसचं लायसन्स) असा घेतलेला असेल तर कोअरचा प्रश्न नाही पण कॅल कुणाकुणाच्या लागतात तो वेगळा गुंता, बिझटॉकच्या आडून येणारेही मोजले जातात. ऑडिटवाला "सिस्टिम स्लो होती म्हणून वाढवले" हे कारण ऐकून घेत नाही, त्याला व्हीएमचा स्क्रीनशॉट आणि तुमचं बिल एवढंच दिसतं.

आणि ते ८ कोअर लागतात तरी का? सीपीयूचा महिनाभराचा ग्राफ काढा. मी पैज लावतो आधीचे ४ पण निम्मे रिकामे होते, स्लो होतं ते दुसऱ्याच कशामुळे. मेसेजबॉक्सच्या एसक्यूएल इन्स्टन्सवर मॅक्स डिग्री ऑफ पॅरललिझम (एक क्वेरी एका वेळी किती कोअर वापरू शकते तो आकडा) १ असायला हवा, बिझटॉक कॉन्फिगर होताना तो तसा लावतो, आणि मेसेजबॉक्सवर ऑटो स्टॅटिस्टिक्स (टेबलांतल्या डेटाची आकडेवारी आपोआप काढणं) बंद असतात, तेही मुद्दाम. कधीतरी एखादा उत्साही डीबीए हेल्थ चेकचा रिपोर्ट घेऊन येतो, त्यात हे दोन्ही लाल असतात, तो ते "सुधारतो" आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं रेंगाळायला लागतं. हे दोन आधी तपासा. ते बिघडलेले निघाले तर दुरुस्त करून एका शनिवारी परत ४ कोअरवर या, पॅकचे पैसे वाचतील. खाली येताना परत रीबूट लागेल, तेव्हा एजंट स्वतःहून वर येतोय का तेही आपसूक तपासून होईल.

थ्रॉटलिंग स्टेटचा आकडा आणि लॉग फाइलची साइज आज संध्याकाळपर्यंत टाका इथे, मी ९ नंतर बघतो. ६ नसला तर सांगा, मग मेमरीवर बोलू.