बास्केटबॉलपटू मनू जिनोबिली अर्जेंटिनाकडून खेळताना नेमका किती मोठा होता? एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधली त्याची कामगिरी तर माहीत आहेच.

तिथल्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाकडून त्याने 4 विजेतेपदं मिळवली, पण माझ्या मते त्याची खरी उंची देशाच्या जर्सीत दिसते.

2002 च्या जागतिक स्पर्धेत, इंडियानापोलिसमध्ये, अर्जेंटिनाने अमेरिकेला 87-80 ने हरवलं. एनबीए खेळाडूंनी भरलेला अमेरिकन संघ हरण्याची ती पहिलीच वेळ, तीही त्यांच्याच अंगणात. पुढे उपांत्य सामन्यात मनूचा घोटा दुखावला आणि युगोस्लाव्हियाविरुद्धची फायनल जादा वेळेत हातातून गेली.

मग 2004 चं अथेन्स ऑलिंपिक. पहिलाच सामना सर्बिया-मॉन्टेनेग्रोशी, एका गुणाने मागे, घड्याळ संपत आलेलं. पास आला तसा मनूने तोल जात असतानाच, जवळजवळ आडवं होत चेंडू फेकला. तो पडला जमिनीवर, चेंडू पडला बास्केटमध्ये. 83-82! यूट्यूबवर नक्की बघा, वर्णनात ती मजा नाही. उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध त्याचे 29 गुण, फायनलमध्ये इटलीवर मात आणि सुवर्णपदक. 1992 पासून 2016 पर्यंतच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण अमेरिकेकडून हिसकावणारा हा एकमेव संघ.

2008 ला बीजिंगमध्ये कांस्य. तिथेही घोट्याने दगा दिलाच. 2012 ला चौथा क्रमांक. 2016 ला रिओत उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेकडून हरल्यावर, वयाच्या 39 व्या वर्षी, डोळे पुसत तो राष्ट्रीय संघातून बाहेर पडला.