कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं घातली तर ती वाया जातात का?

तुम्ही विचारलंय की मुलगी कॅलिफोर्नियात बारावीला आहे, तिला मेकॅनिकल करायचंय, विद्यापीठाची चार वर्षांची फी झेपत नाही. मग आधी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, घातलं तर दोन वर्षं फुकट जातील का? मी स्वतः याच वाटेने डेव्हिसच्या युसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, राज्याचं सरकारी विद्यापीठ) गेले, म्हणून लिहिते. दोन वर्षं फुकट जात नाहीत. पण पहिल्या दिवसापासून आखणी नसेल तर त्यांची तीन होतात. माझी झाली.

फीचा फरक मोठा आहे. कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. ट्रान्सफरला, म्हणजे तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जायला, सेमिस्टरची ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे मिळून २,७६० डॉलर. युसीत एका वर्षाची नुसती फीच पंधरा हजारांच्या घरात जाते. मी एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, होते. राज्यात वर्षभर राहिल्याचे कागद दाखवल्यावर मलाही रहिवाशाचाच दर लागला. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना मात्र तो मिळत नाही, त्यांची फी कितीतरी पटीने जास्त असते.

आता माझं वर्ष कुठे गेलं ते सांगते. आमच्या काउन्सेलरने सुचवलं, आधी सोपे विषय घे, रुळलीस की गणित घे. मी ऐकलं आणि कॅल्क्युलस सप्टेंबरऐवजी जानेवारीत सुरू केलं. फिजिक्स कॅल्क्युलसवर अडलेलं, स्टॅटिक्स (इंजिनिअरिंगचा पायाचा विषय) फिजिक्सवर अडलेलं, आणि स्टॅटिक्सचा वर्ग आमच्याकडे वर्षातून एकदाच निघायचा. आमच्याकडे सेमिस्टरऐवजी तीन महिन्यांची क्वार्टर असायची; एक क्वार्टर चुकली आणि सगळी साखळी वर्षभर पुढे गेली. काउन्सेलर वाईट नव्हते, पण शेकडो मुलांत माझ्या विषयाचा हिशेब त्यांनी ठेवावा ही अपेक्षाच चुकीची होती.

तो हिशेब घरीच मांडा. असिस्ट डॉट ऑर्ग ही सरकारी साइट उघडा. तुमचं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि शाखा निवडा. डावीकडे विद्यापीठाचा विषय दिसतो, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा तुमच्या कॉलेजचा. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं तर तो विषय तुमच्याकडे नाही, शेजारच्या कॉलेजात मिळतो का बघा. दोन विषयांमध्ये 'अँड' असेल तर दोन्ही करावे लागतात, एकावर भागत नाही. दुसऱ्या वर्षी बाबांनी तो कागद छापून फ्रिजवर लावला आणि झालेल्या विषयांवर मी लाल स्केचपेनने रेघ मारत गेले. तो पहिल्याच वर्षी लावायला हवा होता.

ट्रान्सफरच्या मुलांना टॅग नावाची प्रवेशाची हमीही आहे: युसीच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा ठिकाणी, आणि त्यातल्या एकाच ठिकाणी मागता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. इंजिनिअरिंगच्या काही शाखाही वगळलेल्या असतात, त्यामुळे त्या वर्षीची यादी नीट वाचा. अर्ज सप्टेंबरात भरायचा, नेहमीचा प्रवेशअर्ज त्यानंतर वेगळा.

नातेवाइकांचं म्हणाल तर, नाशिकहून आत्याने फोनवर काळजीने विचारलं होतं, "कुठेच नंबर लागला नाही का गं तिचा?" बाबा म्हणाले, "अगं, आपल्याकडे डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला जातात ना, तसंच. ही थर्ड इयरला जाणार." आत्याचा स्वतःचा मुलगा पॉलिटेक्निकमधून गेलेला, तिला लगेच पटलं. माझ्या पदवीवर डेव्हिसचंच नाव आहे, आधी कुठे शिकले ते त्यावर कुठेही नाही.

ट्रान्सफरनंतरची पहिली क्वार्टर मात्र जड जाते. कॉलेजात पस्तीस मुलांच्या वर्गात सर नावाने हाक मारायचे. डेव्हिसला दोनशे मुलांच्या हॉलमध्ये मी कोणालाच ओळखत नव्हते, आणि बाकीच्यांचे अभ्यासाचे गट हॉस्टेलमध्ये पहिल्या वर्षीच जमलेले. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायला ठेवलेल्या वेळात, मी पहिल्या आठवड्यापासून जाऊन बसायला लागले, त्यातूनच ओळखी झाल्या. त्या दिवसांत तिला रोज फोन करा.

आणि नोंदणीची तारीख मिळाली की त्या सकाळी सगळ्यात आधी कॅल्क्युलसचा वर्ग पकडायला सांगा. तो भरून जातो. इतिहास, इंग्रजी नंतरही मिळतं.