स्मार्ट थर्मोस्टॅटचे अपडेट मध्येच अडकते. फॅक्टरी रीसेट करावा का?

आपण लिहिले आहे की थर्मोस्टॅटवर तीन आठवड्यांपासून अपडेटची सूचना येते, डाउनलोड सुरू होते, थोडे पुढे सरकते आणि मग स्क्रीन काळी पडून सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. राउटर आपण दोनदा बंद-चालू करून पाहिला आहे आणि आता फॅक्टरी रीसेट करावा का, असे विचारता. माझे उत्तर असे की, इतक्यात करू नका. रीसेटमुळे वेळापत्रक, वाय-फायचा पासवर्ड आणि आपण केलेल्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात, पण अपडेट ज्या कारणाने अडले आहे ते कारण बहुतेक वेळा उपकरणाच्या बाहेर असते आणि ते रीसेटनंतरही तसेच राहते. माझ्याकडे नेमके हेच घडले होते. मी घाईने रीसेट केला, आठवड्याचे सगळे वेळापत्रक नव्याने भरले, आणि दुसऱ्या दिवशी अपडेट पुन्हा त्याच जागी थांबलेले होते.

स्क्रीन काळी पडते हा आपल्या वर्णनातला सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. इंटरनेटची अडचण असेल तर डाउनलोड थांबते, पण स्क्रीन जात नाही. स्क्रीन जाते तेव्हा आधी वीजपुरवठ्याचा विचार करावा. भिंतीवरच्या या उपकरणांना वीज बहुधा हीटिंग किंवा कूलिंगच्या यंत्रातल्या २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून मिळते. त्यासाठी ‘सी’ (कॉमन, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेची) स्वतंत्र वायर असली तर पुरवठा अखंड राहतो. ती नसली तर अनेक थर्मोस्टॅट यंत्र सुरू-बंद करणाऱ्या वायरींमधूनच अगदी थोडा प्रवाह घेऊन आतली छोटी बॅटरी भरत राहतात. हा प्रवाह मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण तो वाढला तर यंत्राचा रिले (यंत्र सुरू करणारा विद्युत-स्विच) विनाकारण ओढला जाईल. रोजच्या कामाला एवढी वीज पुरते, मात्र डाउनलोडसाठी वाय-फाय बराच वेळ जागे ठेवावे लागते तेव्हा खर्च भरण्यापेक्षा जास्त होतो, बॅटरी उतरते, आणि तापमान राखण्याचे मुख्य काम चालू राहावे म्हणून थर्मोस्टॅट आधी वाय-फाय आणि स्क्रीन बंद करतो. थोडी बॅटरी भरली की तो पुन्हा जागा होतो आणि तेच चक्र नव्याने सुरू होते.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये तांत्रिक माहितीचे पान शोधावे आणि बॅटरीचा व्होल्टेज वाचावा. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्टच्या जवळ असतो, आकडा ३.६ च्या आसपास किंवा खाली दिसत असेल तर अपडेट अडण्याचे नवल नाही. उपकरणाला यूएसबीची खाच असेल तर ते भिंतीवरून काढून दोन-तीन तास चार्ज करावे, परत बसवावे आणि लगेच अपडेट सुरू करावे. हे काम भागवेल, पण मूळ दोष शोधणेही आवश्यक आहे, नाहीतर पुढच्या अपडेटला हीच वेळ येईल. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे मॉडेल असेल तर सगळे सेल एकदम नवे घालावेत, जुने आणि नवे मिसळू नयेत.

माझ्या थर्मोस्टॅटवर सकाळचा आकडा ३.५७ होता. भिंतीवरच्या पट्टीत सी वायर व्यवस्थित बसवलेली असल्यामुळे वायरिंगवर मला संशयच आला नव्हता. शेवटी मेन स्विच बंद करून यंत्राचे झाकण उघडले तेव्हा तीच बारीक निळी वायर कंट्रोल बोर्डापर्यंत न पोहोचता केबलच्या वेष्टनाभोवती चार वेढे देऊन ठेवलेली आढळली. ती बोर्डावरच्या सी टर्मिनलमध्ये घट्ट बसवली, आणि संध्याकाळपर्यंत आकडा ३.९ वर गेला. रात्री अपडेट विनासायास पूर्ण झाले. सी वायरचे दुसरे टोक पाहिल्याशिवाय ती जोडलेली आहे असे मानू नका, हे मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगतो. मल्टिमीटर वापरता येत असेल तर एसी व्होल्टवर ठेवून ‘आर’ (वीज आणणारी वायर) आणि ‘सी’ यांच्यामध्ये मोजावे; २४ ते २८ व्होल्ट दिसले तर पुरवठा ठीक आहे. काहीच दिसले नाही तर बोर्डावरचा छोटा फ्यूज, यंत्राच्या दाराचा सुरक्षा-स्विच आणि पाण्याचा निचरा तुंबल्यावर पुरवठा तोडणारा फ्लोट स्विच तपासावा. वायरी जाड असतील किंवा थर्मोस्टॅटपाशी थेट घरचा वीजदाब येत असेल तर मात्र हात लावू नका, इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

वीज ठीक निघाली तरच नेटवर्ककडे वळावे. तेथे सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट: थर्मोस्टॅट थोडा वेळ त्यावर जोडून अपडेट सुरू करावे. ते पूर्ण झाले तर दोष आपल्या राउटरच्या मांडणीत किंवा घरच्या इंटरनेट जोडणीत आहे हे कळते. बरेच थर्मोस्टॅट वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, त्यामुळे आयफोनवर ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय चालू करावा. राउटरमध्ये पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. वाय-फायच्या सुरक्षेची पद्धत केवळ डब्ल्यूपीए३ असेल तर ती डब्ल्यूपीए२ला चालेल अशी करावी, चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवावा, आणि जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) वापरत असाल तर तो तासाभरासाठी बाजूला ठेवावा, कारण अशा गाळणीत कधी कधी अपडेटचा सर्व्हरही अडतो.

सहसा कोणी पाहत नाही ते म्हणजे थर्मोस्टॅटवरची तारीख आणि वेळ. बॅटरी पूर्ण उतरली की काही उपकरणांचे घड्याळ मागे जाते; सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत त्याच घड्याळावरून तपासली जाते, आणि तारीख चुकीची असली की वाय-फाय उत्तम असूनही जोडणी नाकारली जाते. वेळ आपोआप दुरुस्त होण्यासाठी बहुधा १२३ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट (नेटवर्कवरची ठरावीक वाट) लागतो, तो राउटरने अडवलेला नाही ना हे पाहावे.

डाउनलोड संपून बसवण्याचा टप्पा सुरू झाला असेल तर मात्र धीर धरावा आणि त्या वेळात वीज तोडू नये. अनेक उपकरणांत जुने आणि नवे सॉफ्टवेअर वेगवेगळ्या भागांत ठेवतात, त्यामुळे प्रयत्न फसला तर जुने पुन्हा सुरू होते, पण आपल्या मॉडेलमध्ये ही सोय असेलच असे गृहीत धरू नये. मी स्वतः निदान तासभर थांबतो, मगच साधा रीस्टार्ट करतो.

हे सगळे करूनही बॅटरीचा आकडा चांगला, हॉटस्पॉटवरही तीच अडचण, तारीख बरोबर, अशी स्थिती राहिली तर फॅक्टरी रीसेटची वेळ आली असे म्हणता येईल. त्याआधी वेळापत्रकाचे आणि कोणती वायर कोणत्या टर्मिनलमध्ये आहे याचे फोटो काढून ठेवावेत. सोबत मॉडेलला कंपनीचा सपोर्ट (अपडेट वगैरे) अजून मिळतो का हेही पाहावे. उदाहरणार्थ, गूगलच्या ‘नेस्ट’ या ब्रँडच्या २०११ आणि २०१२ च्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा सपोर्ट कंपनीने २५ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवला, त्यामुळे अशा उपकरणावर नव्या अपडेटची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आपण बॅटरीचा आकडा सकाळी आणि डाउनलोड सुरू असताना असा दोनदा वाचून, सी वायर दोन्ही टोकांना आहे की नाही यासह येथे कळवलात, तर पुढे काय पाहायचे ते मी नेमके सांगू शकेन.