केंद्राने लावलेल्या सेस (उपकर) आणि सरचार्ज (अधिभार) यांमधून राज्यांना वाटा मिळतो का?

नाही, वित्त आयोगाने (केंद्र-राज्यांतली करवाटणी सुचवणारी संस्था) ठरवलेला वाटा या दोन्हींतून मिळत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 270 नुसार केंद्रीय करांचं निव्वळ उत्पन्न राज्यांबरोबर वाटलं जातं (15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी 41 टक्के ठरवले), पण सेस आणि सरचार्ज त्यातून वगळलेले आहेत. समजा, 50 लाख ते 1 कोटी उत्पन्न असलेल्या एखाद्याचा आयकर 12 लाख झाला. त्यावर 10 टक्के सरचार्ज 1,20,000 रुपये. मग कर अधिक सरचार्ज अशा एकूण रकमेवर 4 टक्के आरोग्य व शिक्षण सेस, म्हणजे 52,800. करदात्याने भरले 13,72,800, पण वाटपासाठी धरले जाणार फक्त 12 लाख, तेही वसुलीचा खर्च वजा करून. म्हणूनच कराचा मूळ दर वाढवण्यापेक्षा सेस-सरचार्जचा मार्ग केंद्राला सोयीचा पडतो.

दोन्हींतला फरक असा:
- सेस: ठरावीक कामासाठीच.
- सरचार्ज: कशावरही खर्च करता येतो.

अर्थात 'ठरावीक काम' हे कागदावर. सेसची रक्कम आधी केंद्राच्या एकत्रित निधीत (सरकारच्या मुख्य तिजोरीत) जमा होते आणि संसदेच्या मंजुरीनंतर संबंधित राखीव निधीत वळवली जाते. घोळ होतो तो इथेच: 2018-19 च्या हिशेबात बरीच रक्कम वळवलीच गेली नसल्याचं कॅगने (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) दाखवून दिलं होतं.

मात्र राज्यांना यातलं काहीच मिळत नाही असंही नाही. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेसारख्या केंद्रपुरस्कृत योजनांतून काही पैसा पोहोचतो, पण केंद्राच्या अटींवर आणि राज्याने आपला हिस्सा घातल्यावरच.