नाव माहीत नसलेल्या माणसाला इंग्रजी पत्र: मायना काय लिहावा?

तुमचे दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो. तासगावच्या बागेतल्या द्राक्षांसाठी इंग्लंड आणि नेदरलँड्सच्या आयातदारांना पहिलं पत्र लिहायचंय, आणि धाकट्या बहिणीला एका ब्रिटिश विद्यापीठाकडे एमएस्सीची चौकशी करायचीय. पत्र कोण उघडणार, ते दोन्हीकडे ठाऊक नाही. शाळेत ‘रिस्पेक्टेड सर’ शिकवलेलं, आणि आता कुणीतरी ‘टू हूम इट मे कन्सर्न’ सुचवलंय. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका निर्यातदाराचा पत्रव्यवहार मी बरीच वर्षं सांभाळला, त्या जोरावर लिहितोय.

‘टू हूम इट मे कन्सर्न’ आधी खोडा. ते दाखल्यांसाठी असतं. अनुभवाचं प्रमाणपत्र, शिफारसपत्र, बँकेचं सर्टिफिकेट हे कागद ज्याच्या नावाचे असतात तो ते कुणालाही दाखवू शकतो, म्हणून तिथे तो मायना शोभतो. तुम्हाला तर एका ठराविक माणसाकडून उत्तर हवंय. त्याला हा मायना घालणं म्हणजे एसटी स्टँडवर दिसेल त्याच्या हातात हँडबिल कोंबण्यासारखं आहे.

‘रिस्पेक्टेड सर’ वाचून तिकडे कुणी रागावणार नाही, पण तो आपल्याकडचा रिवाज आहे. पत्त्याच्या वर ‘टू,’ लिहिणं हाही आपल्याच सरकारी अर्जाचा साचा. तिकडे थेट पत्ताच सुरू होतो. विषयाची ओळ आपण मायन्याच्या आधी टाकतो, ब्रिटिश पत्रात ती मायन्याच्या खाली येते. मला जास्त खटकतं ते नुसतं ‘सर’. फळं खरेदी करणारी बाई असली तर पहिल्याच ओळीत तुम्ही तिला वगळलंत. ‘डिअर सर्स’ तर आता जुनंच झालं. लंडनच्या फ्रेशफील्ड्स या बड्या वकिली फर्मनेसुद्धा २०१६ मध्ये ते सोडायचं ठरवलं.

मग लिहायचं काय? नाव माहीत नसलं तरी काम माहीत असतंच. द्राक्षांच्या पत्राला ‘डिअर फ्रूट बायर’ किंवा ‘डिअर परचेस मॅनेजर’, बहिणीच्या पत्राला ‘डिअर अ‍ॅडमिशन्स टीम’. उघडणाऱ्याला कळतं की हे आपल्याच टेबलाचं आहे. ‘डिअर सर ऑर मॅडम’ चुकीचं नाही. मी ते वकिलाती, कर खाती, बँका यांच्यासाठी राखून ठेवतो, जिथे पत्र कुठल्या टेबलावर जाईल याचा अंदाजच नसतो. तेही आपल्यासारखं तिरकी रेघ मारून ‘सर/मॅम’ नको, आणि ‘डिअर कन्सर्न’ तर अजिबात नको.

पण त्याआधी नाव शोधायचा प्रयत्न कराच. कंपनीच्या वेबसाइटवर माणसांची यादी असते, लिंक्डइन आहे, नाहीतर सरळ फोन लावायचा. आपला हंगाम हिवाळ्यात असतो, तेव्हा इंग्लंडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच आणि नेदरलँड्सचे नऊ म्हणजे दीड. ‘फळांची खरेदी कोण बघतं, आणि नावाचं स्पेलिंग काय?’ एवढंच विचारा. रिसेप्शनवरची माणसं बहुतेक वेळा सांगतात.

नाव मिळालं तरी बाई की बुवा हे कळेलच असं नाही. आपल्याच भागात बघा ना, शीतल नाव ऐकून पुण्या-मुंबईचा माणूस मुलगी समजतो, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं. तिकडेही तसंच. जान हा नेदरलँड्सात पुरुष, पण त्याच स्पेलिंगची जॅन इंग्लंडात बहुधा बाई. आंद्रेआ इटलीत पुरुष, जर्मनीत बाई. शंका असली की मिस्टर-बिस्टर न लावता पूर्ण नाव लिहा: ‘डिअर’, पहिलं नाव, आडनाव. बाई असल्याची खात्री असेल तर ‘मिझ’ (Ms) लावा, लग्न झालंय का याची चौकशी करायची गरज उरत नाही. न्यूयॉर्क टाइम्सने ते १९८६ मध्ये स्वीकारलं, आता ते सर्रास चालतं. मिस्टर किंवा मिझच्या पुढे नेहमी आडनावच यायला हवं. आपण साहेबांना ‘राहुल सर’ म्हणतो, त्या सवयीने ‘डिअर मिस्टर राहुल’ लिहिलेली कितीतरी पत्रं मी बघितलीत.

डच आडनावांची आणखी एक गंमत. पूर्ण नावात ‘व्हॅन’चं पहिलं अक्षर लहान असतं, पण पहिलं नाव गाळून ‘मिस्टर व्हॅन डाइक’ लिहिलं की तेच अक्षर मोठं करतात. इतकं पाळलंत तर डच माणूस खूश होतो. मात्र बेल्जियमच्या माणसाचं नाव तो स्वतः जसं लिहितो तसंच उतरवा.

शेवटची सही मायन्याशी जुळायला हवी. ब्रिटिश पद्धतीत नाव नसेल, म्हणजे ‘सर ऑर मॅडम’ किंवा नुसता हुद्दा असेल, तर ‘युवर्स फेथफुली’. नाव असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना ‘फेथफुली’ लावतात, ते टाळा. पुढेमागे अमेरिकेला लिहिलंत तर तिथे ही जोडी कुणी पाळत नाही, ‘सिन्सिअरली’ पुरतं. औपचारिक पत्रात मायन्यानंतर ते स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम देतात आणि मिस्टरच्या पुढे टिंबही देतात. ब्रिटिश ते टिंब देत नाहीत.

ईमेललाही पहिल्या वेळी हेच सगळं लागू. उत्तर आलं की खाली सही कशी केलीय ते बघा. नुसतं ‘हेलन’ लिहिलं असेल तर पुढच्या वेळी ‘डिअर हेलन’ खुशाल लिहा. पूर्ण नाव आणि हुद्दा असेल तर तुम्हीही आडनावावरच राहा.