मेनफ्रेमला साधं स्टोरेज जोडायचं काम मिळालंय? निघण्याआधी हे शिकून घ्या

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव चाळीसगाव, सध्या पुण्यात सॅन (सर्व्हरना डिस्क पुरवणारं वेगळं नेटवर्क) स्टोरेजचं काम, आता फ्रँकफर्टला नोकरी मिळतेय आणि कामाच्या वर्णनात "मेनफ्रेमच्या डिस्क सर्वसाधारण स्टोरेजवर आणणे" असं लिहिलंय. मेनफ्रेम, म्हणजे बँका वगैरेंचा आयबीएमचा मोठा संगणक, कधी हाताळलेला नाही, तर काय शिकू?

आधी कंपनीला एकच विचारा: त्या मशिनवर चालतं काय? झेड/ओएस (मेनफ्रेमची मुख्य ऑपरेटिंग सिस्टिम), की लिनक्स आणि झेड/व्हीएम (एका मशिनवर अनेक आभासी मशिन चालवणारी सिस्टिम)? पुढचं सगळं यावरच ठरतं, आणि जाहिरातीत नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

झेड/ओएसला डेटा ईसीकेडी या मेनफ्रेमच्या खास डिस्क-पद्धतीवरच लागतो. तिथे रेकॉर्डची लांबी कमीजास्त असते आणि पत्ता सिलिंडर, हेड व रेकॉर्ड क्रमांकाने दिला जातो. ३३९० या आयबीएमच्या डिस्क-मॉडेलच्या एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट, आणि १५ ट्रॅकचा एक सिलिंडर. तुमच्या ओळखीच्या लनमध्ये (सॅनवरून दिलेल्या डिस्कमध्ये) मात्र ५१२ किंवा ४,०९६ बाइटचे ठरलेले ब्लॉक. रावेरच्या केळीचे लहानमोठे घड एकाच मापाच्या खोक्यांत भरायचे आणि कुठला घड कुठे गेला याची वही ठेवायची, तसं हे काम. एक फणी बदलायची तरी खोकं उघडून पुन्हा भरावं लागतं, म्हणून लहान राइट महाग पडतात.

ही भाषांतराची जबाबदारी आयबीएम डीएस८०००, डेल पॉवरमॅक्स किंवा हिताची व्हीएसपी यांसारखे अ‍ॅरे (डिस्कची मोठी कपाटं) स्वतः घेतात आणि फायकॉनवर, म्हणजे मेनफ्रेमच्या फायबर जोडणीवर, ३३९० दाखवतात. तुमच्या मध्यम दर्जाच्या अ‍ॅरेला हे येत नसेल, तर मध्ये ईसीकेडीचं सोंग घेणारा कंट्रोलर लागतो. तसा बेत असेल तर त्यात हायपरपॅव्ह (एका व्हॉल्यूमवर, म्हणजे एका डिस्कवर, एकाच वेळी अनेक आय/ओ करू देणाऱ्या पॅव्हचा प्रकार), फ्लॅशकॉपी (झटपट प्रत), रिमोट कॉपी (दूरच्या जागी प्रत) आणि ६५,५२० सिलिंडरपेक्षा मोठे व्हॉल्यूम चालतात का, हे लेखी मागा. पॅव्ह नसेल तर एका सिस्टिमकडून एका व्हॉल्यूमवर एका वेळी एकच आय/ओ (वाचण्या-लिहिण्याची मागणी) जातो. बाकीचे रांगेत, आणि रात्रीचा बॅच सकाळपर्यंत रेंगाळतो.

लिनक्स असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तिथे साधी स्कझी (सर्वसाधारण सर्व्हर डिस्कशी बोलतात ती भाषा) लन थेट चालते. फायदाही खरा आहे: ३३९० वर लिनक्स ४,०९६ बाइटचे १२ ब्लॉक प्रति ट्रॅक मांडतो, म्हणजे ४९,१५२ बाइट, ट्रॅकची सुमारे १३ टक्के जागा वाया. लनवर ही घट नाही.

काम या क्रमाने होतं. एचसीडीमध्ये (मेनफ्रेमची जोडणी नोंदवायच्या साधनात) त्या पोर्टचा चिपिड, म्हणजे चॅनलचा क्रमांक, एफसीपी (फायबरवरून स्कझी) प्रकारचा करायचा. फायकॉन एक्सप्रेस कार्ड तेच, पण एक पोर्ट एका वेळी एकच प्रकार बोलतो. मग एनपीआयव्ही चालू करायचं, म्हणजे एकाच पोर्टवर प्रत्येकाला वेगळी ओळख मिळते. त्यासाठी चिपिड ऑफलाइन लागतो आणि स्विचलाही एनपीआयव्ही यायला हवं. ही पायरी कुणी "नंतर करू" म्हणालं तर ऐकू नका. एनपीआयव्हीशिवाय त्या पोर्टवरच्या सगळ्या एलपारचा (मशिनच्या स्वतंत्र हिश्शांचा) डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे फायबर पोर्टचा ओळख-क्रमांक, एकच दिसतो, मास्किंगने (कुणाला कुठली लन दिसावी हे अ‍ॅरेवर ठरवून) त्यांना वेगळं करता येत नाही, आणि एका लिनक्सची डिस्क दुसऱ्याने फॉरमॅट करायला वाट मोकळी राहते. शिवाय एनपीआयव्ही नसेल तर लन आपोआप सापडत नाहीत, एकेक हाताने जोडाव्या लागतात.

त्यानंतरचं झोनिंग (कुठला पोर्ट कुठल्या पोर्टशी बोलेल हे स्विचवर ठरवणं) आणि मास्किंग तुम्हाला येतंच. केबल मात्र बघून घ्या: मेनफ्रेमकडचे पोर्ट बहुधा एलएक्स (लाँगवेव्ह), सिंगल मोड फायबरचे, साध्या अ‍ॅरेचे बहुधा एसएक्स (शॉर्टवेव्ह), मल्टिमोड फायबरचे. दोन्ही थेट जुळत नाहीत. स्विचमध्ये मेनफ्रेमच्या बाजूला लाँगवेव्ह एसएफपी (पोर्टमध्ये बसणारा प्रकाशाचा मॉड्यूल) आणि अ‍ॅरेच्या बाजूला शॉर्टवेव्ह एसएफपी टाकले की प्रश्न मिटतो.

सगळ्यात जास्त घोळ मल्टिपाथचा, म्हणजे एका डिस्ककडे जाणाऱ्या अनेक मार्गांचा, होतो. ईसीकेडीत दुसरा मार्ग शोधायचं काम चॅनल सबसिस्टिम (मेनफ्रेमचा आय/ओ सांभाळणारा भाग) करते, त्यामुळे मेनफ्रेमच्या माणसांना त्याचा विचार करायची सवयच नसते. स्कझीत ते लिनक्सलाच करावं लागतं. दोन वेगळ्या कार्डांवरचे दोन चिपिड, दोन वेगळे फॅब्रिक (स्विचची जाळी), आणि रूट डिस्कही मल्टिपाथवर. नंतर इनिटआरडी (बूट होताना लागणारी फाइल) नव्याने बनवून झिपल (मेनफ्रेमवरच्या लिनक्सचा बूट-लोडर लिहिणारी आज्ञा) चालवा, नाहीतर मशिन एकाच मार्गाने बूट होत राहतं आणि तो मार्ग तुटेपर्यंत कळत नाही. सुपूर्द करण्याआधी एकेक फॅब्रिक बंद करून बघाच.

मशिन बदललं की एनपीआयव्हीचे डब्ल्यूडब्ल्यूपीएनही बदलू शकतात. आयबीएमचं डब्ल्यूडब्ल्यूपीएन प्रेडिक्शन टूल नवी यादी आधीच देतं. ती घेऊन झोन तयार ठेवा.

कागदपत्रांचं एकच: पदवी जळगावच्या विद्यापीठाची असेल तर अ‍ॅनाबिनमध्ये (परदेशी पदव्यांची जर्मन यादी) "उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ" आणि २०१८ पासूनचं "कवयित्री बहिणाबाई चौधरी" या नावासह, दोन्ही प्रकारे शोधा.

सरावासाठी आयबीएम झेड एक्सप्लोर (मेनफ्रेम शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम) फुकट आहे. ईसीकेडी हाताने समजून घ्यायचं तर लॅपटॉपवर हर्क्युलिस (मेनफ्रेमचं सोंग घेणारा प्रोग्रॅम) आणि एमव्हीएस ३.८ (झेड/ओएसची जुनी पूर्वज) टाका, कारण आजच्या झेड/ओएसचा परवाना त्यावर मिळत नाही. त्यात ३३५० या जुन्या मॉडेलची डिस्क बनवा. तिच्या ट्रॅकवर १९,०६९ बाइट मावतात. ८० बाइटचे रेकॉर्ड सुटे लिहिले तर ट्रॅकवर ७२ बसतात. तेच रेकॉर्ड एकत्र करून १९,०४० बाइटचा ब्लॉक केला तर २३८. आणि गावी लोडशेडिंग असेल तर आधी एमव्हीएस नीट उतरवा, मग हर्क्युलिस बंद करा. मध्येच वीज गेली की कॉम्प्रेस केलेली डिस्क-फाइल पुढच्या वेळी तपासून दुरुस्त करावी लागते.